तासाभरासाठी बंद

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्यात एका फोल्डरचं नाव होतं ‘आई’. आत सतरा फायली. सासूबाईंचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधीच्या नऊ दिवसांत मी त्या फोनवर भरून घेतल्या होत्या. एक अंगाई, चार गोष्टी, घरातल्या सगळ्यांना मारलेल्या हाका. एका फायलीत तर नुसतं खोकणं होतं आणि शेवटी, "बास झालं आता प्रियांका, पोरीला दूध पाज."

श्रिया तेव्हा चार महिन्यांची होती. आईंचा आवाज आधीच खरखरीत झालेला. चाळीस वर्षं मिश्री लावली होती त्यांनी. भरून घ्यायला बसल्यावर पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मी काय रेडिओ हाय का?" मग स्वतःच पदर सावरून बसल्या. एक अट मात्र घातली. "त्या फोनवरनं कुणाला धाडू नगंस. माझा फाटका आवाज गावभर फिरवायचा न्हाई." मी शब्द दिला आणि पाळला. नणंदेलासुद्धा पाठवलं नाही. फोन भरला तेव्हा फायली कॉम्प्युटरवर घेतल्या, एक कॉपी पेन ड्राइव्हवर टाकली आणि फोनमधून पुसल्या.

ऑपरेशननंतर आईंच्या गळ्याला भोक राहिलं, त्यावर मऊ कापडाचा लहानसा रुमाल. बोलणं संपलं. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे श्रियाच्या मॅजिक पाटीवर मोठ्या अक्षरात लिहितात आणि लगेच पट्टी ओढून पुसतात. दुपारी दीड वाजता मी कॉम्प्युटरवर अंगाई लावायची. आई श्रियाला मांडीवर घेऊन थोपटायच्या. त्यांचाच आवाज, त्यांचाच हात, फक्त दोन ठिकाणांहून येणारे. श्रियाला त्यात काही वेगळं वाटत नसे. तिच्या लेखी आजी गात होती.

कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुशांतचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. एकदा मशीन फारच अडकायला लागलं म्हणून तो बघायला आला.

"वहिनी, यात महत्त्वाचं काय आहे?"

"सासूबाईंचा आवाज."

त्यानं आईंच्या गळ्यावरच्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग यात एखादा नीट अँटीव्हायरस टाका. बघून, चालवून घ्या. मी सांगतो म्हणून घेऊ नका."

मी तीन आठवडे बघत होते. श्रिया झोपली की दीडेक तास मिळायचा, त्यातला अर्धा माझ्या टायपिंगच्या कामाला आणि अर्धा याला. एक फुकटातला अँटीव्हायरस दर दहा मिनिटांनी जाहिरात दाखवायचा. दुसऱ्यानं मशीन इतकं जड केलं की अक्षर पडेपर्यंत पोरगी जागी व्हायची. तिसरा विकतचा होता, पण हलका. त्यात फायरवॉल होती आणि फोल्डरला कुलूप घालायची सोय. कुठल्याही प्रोग्रामनं त्या फोल्डरला हात लावायचा तर आधी मला विचारणार.

"विंडोजमध्ये असतंच की आपोआप," रवी म्हणाला. माझा नवरा रवींद्र घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. "तू म्हणजे गूळ घेताना चार दुकानं फिरतेस, तसं चाललंय."

"फिरते म्हणूनच तुला चांगला गूळ मिळतो."

फायरवॉल म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, हे त्यानंच समजावलं. कोण आत येतंय, कोण सामान घेऊन बाहेर चाललंय, ते विचारणारा. सुरुवातीला हा वॉचमन इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि मी प्रत्येक शब्द वाचून मगच ‘हो’ दाबायची. पहिलं कुलूप ‘आई’ला घातलं. त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं होतं.

अडचण कामाची आली.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ भाऊंची प्रेस आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका यांचं मराठी टायपिंग आम्ही चौघीजणी घरून करतो. प्रेसमधला लेआउट अजून जुन्या फॉन्टवर चालतो. त्याचं खरं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत पेन ड्राइव्हसारखं एक कुलूप येतं, ते मशीनला लावल्याशिवाय अक्षर उमटत नाही. भाऊंकडे असं कुलूप एकच, ते प्रेसमधल्या मशीनला. आम्हा चौघींना कुलूप तोडलेली कॉपी. तिच्यासोबत दोन ओळींची एक फाइल असते आणि त्यातली पहिली ओळ, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ दारात चपला काढाव्यात तसं या लाइनमधले सगळे ते करतात.

माझ्या नव्या अँटीव्हायरसनं ती कॉपी पहिल्याच दिवशी उचलून कोंडून ठेवली. मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, हा फॉन्टची फाइल उडवतोय."

"मग बंद कर ना त्याला. लाइनमध्ये नवीन आहेस का तू?"

"बंदच करायचा तर घेतला कशाला?"

"अगं, तासभर गं. माझ्याकडे तर कधी चालूच नसतो. तुझी अक्षरं चोरून कोण नेणारे?"

अँटीव्हायरसमध्ये बंद करायचे तीन पर्याय होते. पंधरा मिनिटं, एक तास, आणि मी पुन्हा चालू करेपर्यंत. मी एक तास निवडायची. तास संपला की तो आपला आपण जागा व्हायचा. आठ महिने असंच चाललं, काही झालं नाही.

यंदा नवरात्राच्या आधी एका मंडळाची चाळीस पानांची स्मरणिका आली आणि त्याच आठवड्यात फॉन्टची जुनी कॉपी चालायची थांबली. भाऊंनी कुठल्याशा ग्रुपवरून आलेली लिंक पाठवली. "ही नवीन आहे. बाकीच्यांनी टाकली." तिच्यातल्या चिठ्ठीत फायरवॉलही बंद करायला सांगितलेलं. मी सगळं बंद केलं, एका तासासाठी. ते उतरायलाच इतका वेळ लागला की मध्येच तास संपला आणि अर्धवट आलेलं सगळं अँटीव्हायरसनं पुसलं. दुसऱ्यांदाही तेच. भाऊंचे तोवर चार फोन. तिसऱ्यांदा मी तिसरा पर्याय दाबला, मी पुन्हा चालू करेपर्यंत.

फॉन्ट सुरू झाला. झालेली पानं भाऊंना द्यायला पेन ड्राइव्ह हवा होता. नेहमीचा प्रेसमध्ये अडकलेला, म्हणून कपाटातला काढून लावला. ज्याच्यावर आईंच्या आवाजाची कॉपी होती, तोच. म्हटलं, नुसती पानं टाकायची आणि परत जागेवर ठेवायचा.

तेवढ्यात आईंनी टाळी वाजवून बोलावलं. श्रियाचं अंग भाजत होतं. एकशे तीन. मी तिला उचलून डॉक्टरकडे पळाले. नंतर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, औषधाचे घोट, तिचं कण्हणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॉम्प्युटरकडे कुणी पाहिलं नाही. तो चालू होता, नेट चालू होतं, पेन ड्राइव्ह लावलेला होता.

ताप उतरल्यावर आईंनी श्रियाला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघून बोटानं खूण केली, लाव. मी ‘आई’ उघडलं. सतराच्या सतरा फायलींच्या नावापुढे पाच अनोळखी अक्षरं चिकटली होती. अंगाईवर क्लिक केलं, काही वाजलं नाही. पेन ड्राइव्हवर तेच. स्मरणिकेचंही तेच. बाजूला एक इंग्रजी चिठ्ठी होती, फायली परत हव्या असतील तर डॉलर मागणारी.

सुशांत दुकान उघडं टाकून आला. अर्धा तास बसला.

"याला औषध नाही, वहिनी."

"ते मागतात ते दिलं तर?"

"माझ्या एका गिऱ्हाईकानं दिलेलं. काहीच परत नाही आलं." मग त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यातली अँटीव्हायरसची खूण पाहिली, बंद असल्याची लाल फुली मारलेली. "अँटीव्हायरस हा होता होय. चांगला आहे हा. तुम्ही बरोबर निवडलेला."

त्यानं डिस्क काढून कागदात गुंडाळून दिली आणि मशीन दुकानात नेलं. व्हायरसनं फायलींना घातलेल्या कुलपाची कधी किल्ली निघाली तर, म्हणाला. सायबर पोलिसात तक्रार करायला सांगितलं. ती मी केली, आणि तिचा नंबर मिळाला. भाऊंचा फोन आला तेव्हा कळलं, त्यांचंही एक मशीन गेलं होतं. "आता स्मरणिकेचं काय करायचं गं?" ते विचारत होते. आईंबद्दल त्यांना माहीतच नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

रवी संध्याकाळी आला. मी त्याला दारातच सांगितलं. बूट काढता काढता तो थांबला.

"दुसरीकडे कुठेच नाही?"

"नाही."

"ताईकडे?"

"आईंनी पाठवू नको म्हटलेलं."

तो एक बूट हातात घेऊन बसला. म्हणाला, "मी अजून ऐकलंच नव्हतं गं. दुपारी मी नसतो. आणि सुट्टीच्या दिवशी तू लावायचीस तेव्हा मी खाली जायचो. म्हटलं, ती समोर आहे तोवर कशाला. नंतर लागेल."

त्यानं मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आईंना सांगायचं राहिलं होतं. त्यांना अंदाज आलेला, कारण मशीनच्या जागी नुसती वायर लोंबत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. तिसरा पर्याय, पेन ड्राइव्ह, सगळं. त्या ऐकत होत्या, श्रियाच्या पायाचे तळवे चोळत होत्या. मग पाटी ओढून लिहिलं, ‘धाडू नगं मीच बोलले.’ ते त्यांनी पुसलं नाही. मीच पट्टी ओढली.

श्रिया किरकिर करायला लागली. तापानं अशक्त झालेली, झोप हवी होती, आणि ती टेबलाकडे हात करत होती. आईंनी तिला मांडीवर आडवं केलं आणि माझ्याकडे बघून ओठ हलवायला लागल्या. आवाज नाही, फक्त ओठ. ओळी मला येत होत्या, त्यांनीच रवीसाठी केलेल्या.

खाडीचं पाणी गं, गेलं उतरून,
बाप तुझा येतो, डबा हाती धरून.

वर्षभर रोज ऐकलेली चाल. मशीनबरोबर गुणगुणताना वाटायचं, पाठच आहे. एकटीनं म्हणायला गेले तर दुसऱ्या ओळीत आई जिथे आवाज वर नेऊन मध्येच सोडायच्या, ती जागा सापडेना. आईंनी मान हलवली, असं नाही. मांडीवर बोटांनी ठेका धरून दाखवला. हात हवेत वर नेला आणि खाली सोडला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या गळ्यावरचा रुमाल श्वासानं आतबाहेर होत होता. आत कुठेतरी त्या म्हणत होत्या आणि बाहेर फक्त हवा येत होती.

श्रिया एकदा माझ्याकडे, एकदा आजीच्या ओठांकडे बघत राहिली.

तिसऱ्या वेळी आईंनी मान हलवली नाही. थोपटत राहिल्या. चाल बरोबर आली नव्हती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.