डांबऱ्याची लाळ

"सांगून उपयोग नाय. तुमचा कुनाचा इस्वास बसायचा नाय," म्हणत महिपतनं बशीतला चहा फुर्रकन ओढला, आणि सांगायला सुरुवात केलीच.

पाऊस धरून बसला होता, म्हणून भिकाजीच्या टपरीत चार माणसं अडकली होती. महिपतची बायको काशी कडेच्या बाकावर लांज्याच्या एसटीची वाट बघत होती. मांडीवर पिशवी, उजवा हात पदराखाली. बाकाखाली त्यांचा काळा कुत्रा, डांबऱ्या. त्याच्याकडे बोट करून महिपत म्हणाला, "म्हयन्याभरापूर्वी ह्याची लाळ गळाया लागली. कशी? पडवीपासनं गोठ्यापर्यंत तार! त्या तारेवरनं मुंग्या येत-जात व्हत्या. एक कोंबडी चिकटली, ती दुपारपर्यंत सुटली नाय. आनि वास? घूस मरून चार दीस झाल्यागत!"

"शी! भजी खातोय ना मी," बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला समर्थ कुरकुरला.

"खा की. वासानं मी दोन दीस जेवलो नाय."

वाडीनं तर निकालच दिला होता, कुत्रा पिसाळला. खात्री करायला करवंटीत पाणी ठेवलं. डांबऱ्या पाण्यात तोंड घालायचा आणि केकाटून मागं सरायचा. पाण्याला भ्याला, म्हणजे पिसाळलाच! शेजारचा आप्पा दांडकं घेऊन अंगणात उभा राहिला. तेव्हा महिपत म्हणे त्याच्या आडवा आला.

"म्हटलं, आप्पा, दांडकं खाली ठेव आनि लाळ वाचाया शिक. भ्यालेला कुत्रा पान्याकडं परत परत जाईल काय? ह्याला तहान हाय, पन तोंड ठणकतंय. लाळ बघ, डाव्या बाजूनंच गळतेय. आनि तांबूस हाय. मी बोटावर घेतली..."

"बोटावर?"

"नाकाशी नेली. मग जिभेवर ठेवली."

समर्थनं तोंडातली भजी पावसात थुंकली. भिकाजीनं महिपतची बशी दोन बोटांत धरून बाकीच्या भांड्यांपासून लांब ठेवली.

"लगेच वळखली! सडक्या शिंगाळ्याची चव. मासळीची डोकी आपन माडाच्या आळ्यात पुरतो ना? कुनीतरी आळशानं नुसती वरवर माती लोटलेली, ह्यानं ती उकरली."

'कुनीतरी' ऐकून काशीनं नवऱ्याकडं असं बघितलं, की तो घाईघाईनं पुढं सरकला.

"शिंगाळ्याचा काटा म्हंजे करवत! तो दाढेत आडवा. मी दार लावलं, जबड्यात बांबूची कांडी घातली, हाताला गोणपाट गुंडाळलं आनि कोपरापर्यंत हात आत! आतलं काय इचारू नका. हिरडी फुगून जांभळी, बोटाखाली पू पचपचतोय, सगळं शेवाळागत बुळबुळीत. काटा खेचला, तर वीतभर! आनि मागनं पिचकारी उडाली, ती सरळ माझ्या मिशीवर."

"पुरे रे बाबा!" भिकाजीनं तोंडावर टॉवेल धरला.

"तासाभरात डांबऱ्या करवंटी चाटून मोकळा. आप्पा दांडकं लपवत घरी गेला."

तेवढ्यात समर्थ ओरडून उठला. त्याच्या पायावर वरून नाही, बाकाखालून ओल आली होती.

"घाबरू नको," महिपत वैद्याच्या थाटात वाकला. "पान्यासारखी हाय, वास नाय, दोन्ही बाजूंनी गळतेय. ही तुझ्या भज्याची लाळ."

माणसं हसली. महिपतनं मिशीवर ताव दिला. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला, तशी काशी उठली. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मनगटाच्या खाली दाताचा लांब ओरखडा होता, अजून तांबडा.

"अवो, हात तुमी घातलात?"

"मग कुनी?" महिपतचा आवाज जरा खाली आला.

"तुमी तर माळ्यावर व्हतात! शिडीसुद्धा वर ओढून घेतलीत!" पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून तिनं तो त्याच्या मिशीसमोर नाचवला. "दात मला लागला, डाक्टरच्या शिव्या मी खाल्ल्या, चार सुया मी घेतल्या. आता हात तुमचा व्हता ना? मग आजची पाचवी तुमीच घ्या. चढा गाडीत!"