तीन पानांची डहाळी

फक्रुद्दीन चाचाने माझे दोन दात पाडले ते एकोणऐंशीच्या जूनमध्ये, आमच्याच अंगणात, दिवसाढवळ्या. कारण काय, तर एक पत्र. कोल्हापूरच्या गिर्यारोहण मंडळाने लिहिलं होतं, की यंदापासून कॉलेजच्या मुलींच्या मोहिमांना बाई वाटाड्याच हवी. पन्हाळ्यावरून मसाई पठार ओलांडून पावनखिंडीपर्यंतची वाट. हाफिजा अल्लाउद्दीन, म्हणजे मी, आणि अंबूबाई या दोघींनी पहिली मोहीम नीट नेली, तर त्यांना मंडळाचा पितळी बिल्ला आणि कायमचं काम.

ते पत्र चाचाने वाचून घेतलं आणि काठी घेऊन आला. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. मी थुंकले तेव्हा रक्तात दात दिसले.

"बाईमानूस पोरींचा तांडा घिऊन रान तुडवत फिरनार? आमच्या घराण्यातली? माझ्या पोटावर पाय देतीस व्हय गं?"

"तुझं पोट मोठं हाय चाचा, एका पायानं काय हुतंय त्याला," मी म्हणाले. मार खातानासुद्धा माझी जीभ गप्प बसत नाही, हा माझा जुना रोग. तिसरा फटका त्याबद्दल मिळाला. चौथा बसला नाही, कारण शेजारची अंबूबाई गवताचा भारा टाकून विळा घेऊन मधे आली होती.

"हात उचल आनि एकदा," ती म्हणाली. "मनगटातनं कापून गोठ्यात टाकतो."

अंबूबाई पस्तिशीची, अंगाने सडसडीत. पठारावरचं गवत कापून विकणारी. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याने ऐकलेलं बरं. चाचा गेला. जाताना म्हणाला, "पठारावर बघतो."

अब्बा बाजेवर बसून नुसते हाका मारत होते. त्यांना दिसत नव्हतं. डोळे गेले त्याला सात वर्षं झाली होती, आणि त्या डोळ्यांमुळेच मी वाटाडी झाले. तोवर हा धंदा अब्बांचा आणि चाचाचा. डोळे अधू झाले तरी अब्बांनी काम सोडलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते लोकांना नेत. काय दिसतंय ते मी सांगायची, वळायचं कुठं ते अब्बा सांगायचे. हळूहळू तेही मीच सांगायला लागले.

आता डहाळीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पठार उघडं, झाड नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या. म्हणून वाटाड्या आदल्या दिवशी एकटा जातो आणि प्रत्येक फाट्यावर जांभळीची डहाळी दगडाखाली दाबून ठेवतो. कापलेला बुडखा जिकडे, वाट तिकडे. प्रत्येकाची खूण वेगळी. आमच्या डहाळीला तीन पानं ठेवलेली, चाचाच्या डहाळीला दोन. आणि नियम एकच, दुसऱ्याच्या डहाळीला हात लावायचा नाही. भाऊ भावाशी बोलत नसला तरी नाही. अब्बा सांगायचे, धुक्यात डोळ्यांवर विश्वास ठेवू नको, पायांवरही नको, डहाळीवर ठेव. आम्ही तसंच करत आलो. हीच आमची अक्कल होती आणि हाच आमचा घात.

जुलैत बावीस मुली आल्या. आदल्या दिवशी मी डहाळ्या ठेवून आले. मोहिमेच्या दिवशी अंबूबाई मागे आणि मी पुढे, असं ठरलं होतं. पण चढणीवर एकीचा पाय मुरगळला. तिला धरून मी मागे राहिले आणि अंबूबाई पुढे झाली. पठारावर धुकं इतकं दाट, की मुली एकमेकींच्या ओढण्या धरून चालत होत्या.

डोहापाशी फाटा आहे. डावीकडे वाट, उजवीकडे शंभर पावलांवर कडा. मी मागे होते. आधी दगड घसरल्याचा आवाज आला आणि मग अंबूबाईची किंकाळी. तशी किंकाळी मी म्हैस कापली जाताना ऐकली होती, माणसाची कधी नाही.

ती पंचवीस हात खाली एका टप्प्यावर पडली होती. कड्याची माती सुटली तेव्हा तिने मागच्या मुलीला दोन्ही हातांनी ढकलून दिलं आणि स्वतः गेली. दोर कमरेला बांधून मी खाली उतरले. तिचा उजवा गुडघा उलटा झाला होता, हाड बाहेर आलं होतं आणि त्याला माती लागली होती. मी पाय सरळ करायला गेले तर तिने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. ती खूण अजून आहे. बावीस मुलींनी दोर ओढला. घोंगडीची झोळी करून आम्ही तिला खाली आणलं. वाटभर ती एकच बडबडत होती, "पाय डावीकडं म्हनत हुतं गं. डहाळी उजवीकडं हुती. मी डहाळीचं ऐकलो."

येताना मी ती डहाळी बघितली होती. तीन पानं, माझीच. पण मी दगड नेहमी बुडख्यावर ठेवते आणि हा शेंड्यावर होता. शेंड्यावर दगड ठेवायची सवय आमच्या सगळ्या खानदानात एकाच माणसाची.

पाय वाचला पण गुडघा कायमचा गेला, असं दवाखान्यात सांगितलं. मंडळाचे चिटणीस बाळासो भला माणूस. ते म्हणाले, "मुली तुमच्या बाजूनं बोलतायत. पण वाट चुकली हे खरं. बिल्ल्याचं बघू." मी डहाळीचं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "साक्षीदार?" धुक्याला कुठून आणू मी साक्षीदार?

आठ दिवस मी भाकरी गिळली, पण ती कशी लागते ते कळलं नाही. नवव्या दिवशी कळलं, की उद्या चाचा कॉलेजच्या मुलांची मोहीम नेणार. मी दुपारी पठारावर गेले. डोहापाशी त्याची दोन पानांची डहाळी होती. मी ती उचलली, फिरवली आणि दगड शेंड्यावर ठेवला, अगदी त्याच्यासारखा. घरी आले, जेवले आणि गाढ झोपले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी मला भली बाई म्हटलं.

सकाळी चाचाची मोहीम आमच्याच दारावरून निघाली. तो अंगणाबाहेर बिडी ओढत उभा राहिला, आत बघितलंसुद्धा नाही. एक पोरगा दारात आला. "मावशी, पानी मिळंल काय?"

मी तांब्या दिला. तो प्याला, मग दुसरा आला, मग तिसरा. गावाकडची पोरं होती, वसतिगृहात राहणारी, मिसरूड फुटलेली. शेवटचा पिऊन झाला तेव्हा तांब्या रिकामा परत देत तो म्हणाला, "सोळा जनांस्नी पाजलंसा मावशी, पुन्य लागंल."

ते गेले आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. मी चाचाला मारायला निघाले होते. त्याच्या मागे कोण चालणार हा विचारच मी केला नव्हता. किंवा केला होता आणि बाजूला सारला होता. अल्लाला ठाऊक.

मग मी पळाले. गवतवाल्या बायकांची एक उभी पायवाट आहे, तिने. हातापायांना काटे लागत होते, दोनदा तोंडावर पडले. डोहापाशी पोचले तर चिखलात पावलं ताजी, आणि उजवीकडे वळलेली.

"थांबा!" त्या पावलांमागे कड्याकडे धावत मी ओरडले. "म्होरं कडा हाय! चाचा, माघारी फिर!"

पोरं थांबली. धुक्यातून चाचा काठी उगारूनच आला. "माझी मोहीम मोडायला आलीस? भवाने, पोरांच्या म्होरं मला खोटं पाडतीस?"

"डहाळी फिरलीया! तिचं ऐकू नको!"

"माझी डहाळी हाय ती!" तो गरजला. "तिला कोन हात लावंल?"

त्याने हे कोणत्या तोंडाने विचारलं, हे मला आजवर कळलेलं नाही. काठी माझ्या खांद्यावर बसली, मग कानशिलावर. कानात शिट्टी वाजली. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, त्याने मला झिडकारलं आणि मी खरंच खोटं बोलतेय हे दाखवायला तो ताडताड चालत सुटला. दहा पावलं. बारा पावलं. मी मागून झडप घातली तेव्हा त्याच्या पायाखालची माती गेलीच होती.

त्याचं उजवं मनगट माझ्या दोन्ही हातांत राहिलं. सगळं वजन त्या एका हातावर. खांदा निखळल्याचा आवाज मी ऐकला. मग तो कपारीवर आपटला आणि कोपराच्या वर हाड मोडल्याचाही ऐकला. तो गुरासारखा ओरडला. पोरं अजून मागे धुक्यात चाचपडत येत होती. आमची तोंडं वीतभर अंतरावर.

"तू फिरवलीस," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "तुझ्याकडनंच शिकलो."

एक क्षण असा होता, की मी हात सोडला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्यालाही ते कळलं. त्याचे डोळे मी बघितले. मग पोरांचे हात माझ्या कमरेला पडले आणि आम्ही त्याला वर ओढलं. उरलेली वाट मीच पुढे झाले आणि सगळ्या पोरांना खाली उतरवून आणलं.

चाचाचा हात वाळून गेला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, कारण माझं सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. पोरांनी मात्र कोल्हापुरात जाऊन मला डोक्यावर घेतलं. ज्याने दात पाडले त्यालाच वाचवलं म्हणे. पंधरा दिवसांत बाळासो स्वतः दोन बिल्ले घेऊन आले, एक माझा आणि मानाचा म्हणून एक अंबूबाईचा.

मी दोन्ही घेऊन तिच्याकडे गेले. ती चुलीपाशी पाय लांब करून बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, शाबासकीच हवी होती मला.

तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, "त्याच्या मागं किती पोरं हुती?"

"सोळा."

"डहाळी फिरवताना ठावं हुतं?"

"मोजली न्हवती."

"माझ्या मागं बावीस हुत्या," अंबूबाई म्हणाली. "त्यानं बी मोजल्या नसतील."

तिने माझा बिल्ला उचलला. मला वाटलं आता फेकून देईल. तिने मला जवळ ओढलं आणि तो माझ्या पदरावर लावला. टाचणी पदरातून थेट कातडीत गेली.

"वाट तुझ्याशिवाय कुनाला येत न्हाय, म्हनून लावतो," ती म्हणाली. "पर रोज लावताना सोळा म्हनायचं. मोठ्यानं."

तिचा बिल्ला तिने चुलीत टाकला.

त्यानंतर अठरा वर्षं मी ती वाट चालवतेय. सहा मुलींना शिकवलं, त्यातल्या चार आज पोटापाण्याला तेच करतात. डहाळी मात्र मी कुणालाच शिकवली नाही. पठारावर खुणेच्या दगडांना चुना लावून घेतला. सकाळी बिल्ला लावताना मी सोळा म्हणते. मुली विचारतात, हाफिजाबी, हे काय? मी सांगते, मंत्र आहे, कडा लागू नये म्हणून. त्या हसतात आणि माझ्या मागे चालू लागतात.