साजातला मासा

माझी सून पूर्णिमा, माझ्या राजवीरची बायको, दुपारची जेवणं उरकली की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. आतून कुणा परदेशी बाप्याचा आवाज, मधेच फुस्स, आणि काहीतरी जळल्याचा वास. मोबाइलवर बघून दागिने करायला शिकते म्हणे. उचगावात मोबाइलवर बघून कोणी सोनार झालेलं मी तरी पाहिलं नाही. चांदीच्या तारेची जोडवी करून दाखवली तिने. बरी होती, खोटं कशाला बोलू. पण शिकायला दार कशाला लावावं लागतं?

"वाऱ्यानं जाळ हलतोय की, आत्ती," ती म्हणायची. उत्तर तयारच.

त्यात माझ्या गळ्यातल्या कोल्हापुरी साजाच्या पानांतल्या माशाची कडी तुटली. "मी डाख देऊन जोडते," म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. साज आईने माझ्या लग्नात मला घातलेला. सोनं हाताशी आलं की भल्याभल्यांची नियत फिरते.

मंगळवारी भजनाला जाताना कपाटाची किल्ली न्हाणीघरात विसरली, म्हणून लवकर परतले तर घरभर लाखेचा वास. दार ठोठावलं. पूर्णिमाचा चेहरा पांढराफटक. कपाटातला साज तिच्यापुढे होता आणि विटेवर माझा मासा, पोटातली लाख उकळून बाहेर आलेली, पत्रा काळाठिक्कर.

"चुकलं, आत्ती. तुमाला जोडून दाखवावा म्हटलं. आपल्या साजात लाख भरत्यात, ते त्या व्हिडिओवाल्याला कुठनं म्हाईत असणार!"

"लाखंचं सोड. सोनं असं काळं पडतंय व्हय? माझा मासा कुठं हाय?"

"ह्योच हाय," म्हणाली आणि घाईघाईने सामान आवरायला लागली. त्या घाईनेच माझी खात्री पटली.

साज आणि मासा फडक्यात बांधले आणि तिला मनगटाला धरून कोल्हापुरात गुजरीत, सोनारांच्या पेठेत नेलं. रिक्षात माझं डोकं भराभर चालत होतं. गेल्या आठवड्यात तिचा भाऊ विजयसिंह येऊन गेला, जाताना पिशवी फुगलेली. भाकऱ्या दिल्या म्हणाली. भाकऱ्यांची पिशवी कोणी छातीशी धरतं का?

बाळासो आमच्या घराचा जुना सोनार. त्याने मासा कसोटीच्या दगडावर घासला.

"तांबं हाय, वैनी. वर नुसता मुलामा."

"बघा!" मी दुकानभर ओरडले. "मोबाइलवर शिकून माझंच घर धुतलं हिनं!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पूर्णिमाच्या डोळ्यांना धार लागली. बाळासोने मासा उलटा करून भिंगातून पाहिला आणि मान खाली घातली.

"तिला बोलू नगासा. ह्यो माझ्या हातचा हाय."

"म्हंजे?"

"राजवीरच्या बारशानंतरच्या दसऱ्याला हंबीरराव साज पॉलिशला घिऊन आलते. सोन्याचा मासा काढून ह्यो बसवाय लावला. वैनींना कळू दिऊ नगंस म्हणले. कशापायी, ते मी इचारलं न्हाय."

हंबीरराव म्हणजे आमचे हे. गेल्या साली गेले. त्या दसऱ्याला त्यांनीच मला आरशासमोर उभं करून साज गळ्यात घातला होता. "नव्यासारखा झालाय बघ," म्हणाले होते, आणि मी लाजले होते. आता भांडू कोणाशी? पूर्णिमाला चुकलं म्हणायला हवं होतं, पण मी त्या काळ्या माशाकडेच बघत राहिले. जन्मभर मी साऱ्या जगावर संशय घेतला, तो ह्यांना सोडून.

"एवढाच बदलला?" शेवटी विचारलं.

"लई वर्सं झाली, वैनी. आठवत न्हाय. द्या तो साज, बाकीची पानं घासून बघू. लगीच हुतंय."

त्याने हात पुढे केला. दूधवाल्याचं माप रोज स्वतः बघणारी मी, झोपतानाही कपाटाची किल्ली कमरेला ठेवणारी मी. साज पदरात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

"नको," म्हणाले. "घासू नको, बाळासो."