मुकादमाच्या शेडसमोर

निवाडा युनियनच्या बाजूने लागला तेव्हा तिच्या वडशाच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. वैनगंगेवरच्या पुलाच्या कामावरून काढलेल्या नऊ मजुरांना कंपनीने परत घ्यावे, असे लवादाने लिहिले होते. अट एकच होती. पंधरा दिवसांत त्यांनी कंपनीसमोर हजर व्हावे, नाहीतर हक्क संपेल.

हे मजूर आमचे नाहीत, बिरजू मुकादमाचे आहेत, असे कंपनी म्हणत आली होती. युनियनची कागदपत्रे सांभाळणाऱ्या नूतनने दोन वर्षे गेटपास, हेल्मेटच्या पावत्या, अपघाताचे अर्ज जमवले आणि दाखवून दिले, की बिरजू फक्त माणसे गोळा करतो, मालक कंपनीच.

सोळाव्या दिवशी ती पुलाच्या साइटवर गेली. तिथल्या कंपनीच्या लोकेश नावाच्या अधिकाऱ्याने गेटचे रजिस्टर तिच्यापुढे सरकवले.

"एकही आला नाही, मॅडम."

तिने पंधरा दिवसांची पाने पाहिली. मग पुन्हा पाहिली.

तिथून ती कांताच्या घरी गेली. कांता सळ्या बांधायची. नऊ जणांमध्ये सगळ्यांत जुनी.

"आलो नाई? रोज सकाळी आठले बिरजूभाऊच्या शेडपुढं उभे होतो, डबे घेऊन. त्यानं वहीत नावं बी लिवले."

"गेटवर का नाही गेलात?"

"गेटवर काऊन जाऊ? तिथून साहेबाच्या गाड्या जातेत. आमची हजेरी पयल्यापासून बिरजूभाऊच घेते." कांता हसली. "येवढे कागद वाचले बाई तुमी, अन् हे नाई मालूम?"

निवाडा वाचून दाखवताना नूतनने दिवस दोनदा सांगितले होते. कुणापुढे उभे राहायचे, ते सांगितले नव्हते.

बिरजूने वही लगेच दिली. "न्या. मी कंपनीच्या साहेबाले सांगतलं होतं, माणसं आले म्हून. थे म्हणे, राहू दे उभे."

युनियनच्या वकिलांनी वही चाळून परत केली. "बिरजूसमोरची हजेरी ही कंपनीसमोरची हजेरी, असं आता म्हणावं लागेल. आणि बिरजू फक्त माणसं गोळा करतो, त्याला कंपनीच्या वतीने कसलाही अधिकार नाही, हे आपणच सिद्ध केलंय. तुमचंच टिपण आहे, पान अकरा."

"कोर्टात?"

"जाता येईल. चार-पाच वर्षं."

तिने कांताला तसेच सांगितले.

"पूल त उन्हाळ्यात होते पुरा," कांता म्हणाली. "बिरजूभाऊ माजरीले काम हाय म्हणते. नवीन म्हून नाव लिवा लागते. जाऊ?"

"दुसरीकडे लागलात, तर कंपनी तेच कोर्टात दाखवेल. यांना आमचं काम नकोच होतं म्हणेल."

"अन् नाई गेलो त?"



सोमवारी नऊही जण बिरजूच्या गाडीत बसून माजरीला गेले.