बिननावाचा पुरस्कार

एमरिक देल्कासाँ आला तेव्हा उगेतबाई स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दर वेळेसारखा त्याच्या हातात केकचा खोका होता, पण आज तो त्यानं ओझं उतरवावं तसा टेबलावर टेकवला.

"मावशी, एकट्याच आहात ना?"

"मांजर आहे. तिच्यासमोर बोलायला लाजत असशील तर हाकलते."

एमरिक हसला नाही. कोट न काढताच तो खुर्चीच्या कडेवर बसला. लहानपणी याच खुर्चीवर बसून तो व्याकरण घोकत असे आणि चुकला की उगेतबाई त्याचा कान धरत. पोराची आई बेर्त म्हणजे त्यांची शाळेतली जिवलग मैत्रीण.

देल्कासाँ घराण्याचा पैसा मेंढीच्या कातड्यांतून आला होता. लाब्रेसोल गावातल्या नदीत ही कातडी भिजवायची, त्यांची लोकर उतरवायची आणि विकायची, यावर त्यांच्या तीन पिढ्या गबर झाल्या. कारखाना कधीच बंद पडला, पण पैसा तुलूझ शहरात जाऊन आणखी वाढला. बेर्तनं त्यातून एक फाउंडेशन काढलं. आन्सेल्म काझाल्बू हा गावाचा एकुलता एक मोठा लेखक. त्याचं पडायला आलेलं घर तिनं विकत घेऊन उभं केलं आणि दर शरदात एका कादंबरीला देल्कासाँ पुरस्कार देणं सुरू केलं. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा पहिल्या दिवसापासून उगेतबाई. काझाल्बूच्या घराच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच. बेर्त जिवंत होती तोवर समारंभाला पहिल्या रांगेत बसायची आणि कुणाचं नाव पुकारलं जातंय ते बाकीच्यांबरोबरच ऐकायची. ती गेली आणि फाउंडेशन एमरिककडे आलं.

"ती 'ओली लोकर' नावाची कादंबरी," एमरिक म्हणाला. "शेवटच्या दोघांत आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"तुमच्याच मंडळातले डॉक्टर सिकार."

"सिकारच्या पोटात पथ्याचं पाणीसुद्धा टिकत नाही. बरं, मग?"

"त्यातला कारखानदार म्हणजे आमचे आजोबा. संपावर गेलेल्या बायकांना उपाशी ठेवणारा, आजारी बाईला घरातून बाहेर काढणारा. आईच्या नावानं पुरस्कार द्यायचा आणि तो तिच्याच सासऱ्याला शिव्या घालणाऱ्या पुस्तकाला? लोक हसतील हो आम्हाला."

"वाचलंस का तू ते?"

"नाही."

"मग शिव्या कुठल्या पानावर आहेत ते तुला कसं कळलं?"

एमरिकनं हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "मी काही सांगायला आलो नाही, मावशी. तुम्ही फक्त विचार करा. पुढच्या वर्षीचं सगळं एकत्रच ठरायचंय. पुरस्कार, काझाल्बूचं घर, रग्बीच्या मैदानावरच्या प्रेक्षकांच्या स्टँडचं छप्पर."

"तुझी आई पैसे द्यायची, एमरिक. निकाल विकत घ्यायची नाही."

"मीही विकत घेत नाहीये. जे माझं आहे ते कुठे द्यायचं, एवढंच ठरवतोय."

याला उगेतबाईंना त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, आणि तो गेल्यावर तेच त्यांना सलत राहिलं. जन्मभर मुलांना उत्तरं द्यायला शिकवलं आणि आपल्याच स्वयंपाकघरात आपली जीभ टाळ्याला चिकटली.

खरी गंमत पुढेच होती. 'ओली लोकर' त्यांना फारशी आवडली नव्हती. मधला भाग पसरट, काही ठिकाणी भाषण झाल्यासारखा. एका बेटावरच्या माळ्याची जी दुसरी कादंबरी होती, तिला मत द्यायचं त्यांच्या मनात जवळजवळ पक्कं झालं होतं. आता त्या माळ्याला मत दिलं तर एमरिक म्हणणार, मावशी समजूतदार आहे. 'ओली लोकर'ला दिलं तर सगळं गाव म्हणणार, म्हातारीनं खुन्नस काढली. एमरिकनं येऊन दोन्ही वाटा घाण करून ठेवल्या होत्या. त्याच्या आजोबांपेक्षा त्यांना याचाच जास्त राग आला.

त्यांनी दोन्ही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. खुन्नस म्हणून पुरस्कार द्यायचा नाही आणि भीतीपोटी नाकारायचा नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं. माळ्याचं पुस्तक दुसऱ्यांदाही सुंदर वाटलं, पण मिटल्यावर त्यातलं काहीच मागे राहिलं नाही. 'ओली लोकर' पुन्हा मध्येच रेंगाळली. मग ती फिलोमेनची गोष्ट आली. हिवाळाभर थंड पाण्यात कातडी धुऊन या बाईच्या बोटांना काही जाणवेनासं होतं. घरी आल्यावर तान्ह्या बाळाला ताप आहे का, हे तिला हातानं कळत नाही, म्हणून ती बाळाच्या अंगभर ओठ टेकवत जाते. पहिल्या वाचनात हे पान आपण कसं ओलांडून गेलो, तेच उगेतबाईंना कळेना. चष्मा काढून त्या बराच वेळ अंगणातल्या अंजिराकडे बघत बसल्या. मग उठल्या आणि ती कादंबरी त्यांनी एमरिकच्या घरी पाठवून दिली. सोबत निरोप एवढाच, 'आधी वाच, मग भांड.'

परीक्षकांची बैठक काझाल्बूच्या घरात, जेवणाच्या लांब टेबलाशी भरली. पाचातली दोन मतं माळ्याकडे गेली, दोन 'ओली लोकर'कडे. पाचवं मत अध्यक्षांचं.

डॉक्टर सिकारांनी घसा साफ केला. "उगेतबाई, साहित्य वगैरे ठीक आहे. पण एका पुस्तकापायी गावाचं छप्पर उडवायचं का?"

"जे अजून बसलंच नाही ते उडेल कसं, डॉक्टर?" पुस्तकांचं दुकान चालवणारा राउल पेश म्हणाला. तरुणपणी तो रग्बी खेळायचा. खेळात मार खाऊन सुजलेल्या त्याच्या कानांची अजून फुलकोबी झालेली होती.

"तुझ्या दुकानात कोण येतं राउल? सगळे स्टँडवाले."

"स्टँडवाल्यांनी माझ्याकडून शेवटचं पुस्तक घेतलं तेव्हा मला केस होते."

उगेतबाईंनी टेबलावर बोट आपटलं. "माझं मत 'ओली लोकर'ला. सिकार, हेही जाऊन सांगा. पुस्तकाचं नाव तेवढं नीट सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमरिक आला. या वेळी केक नव्हता. डोळे लाल होते.

"वाचलं," तो म्हणाला. "चांगलं आहे. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं, मावशी. खरं आहे म्हणूनच मी त्याला आईचं नाव देणार नाही."

"बेर्तनं दिलं असतं."

"कदाचित. पण ती लग्न होऊन आमच्या घरात आली होती. मी जन्मलो त्या घरात." त्यानं हात पुढे केला. "किल्ल्या द्या."

उगेतबाईंनी खुंटीवरचा जुडगा काढून त्याच्या हातात ठेवला. "नाव तुझं, घर तुझं, पैसा तुझा. घेऊन जा सगळं. पण आम्ही वाचलं ते आमचं, आणि निकाल आमचा. पुरस्कार दिला जाईल."

"कशाच्या जोरावर?"

या वेळी त्यांच्याकडे उत्तर होतं. "वाचल्याच्या."

लेखिका नादेज बुतोने ही कास्त्र शहरातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. चाळिशीची, उभट चेहऱ्याची. उगेतबाईंनी तिला राउलच्या दुकानात बोलावून जे घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

"म्हणजे पैसे नाहीत," नादेज म्हणाली.

"एक हॅम आहे, डुकराची खारवलेली अख्खी मांडी. राउलच्या मेहुण्याची डुकरं आहेत, डोंगरात वाळवतो तो. हॅम उत्तम असतो."

नादेजला हसू आलं आणि लगेच विरलं. "मला ते पैसे हवे होते. वर्षभर बिनपगारी रजा घेऊन दुसरं पुस्तक लिहायचं होतं. उगाच मोठेपणाचा आव कशाला आणू?"

"आणू नकोस. नाही म्हणालीस तर मी तुला जराही दोष देणार नाही."

"एक विचारू? तुम्ही मला निवडलंत की त्याला हरवलंत?"

"फिलोमेन बाळाला ओठ लावते, त्या पानासाठी तुला निवडलं. खरं सांगायचं तर मधला भाग कंटाळवाणा आहे. संपाच्या सभेत तीन माणसं बोलतात. एकानं भागलं असतं."

"हे आजवर मला कुणीच सांगितलं नाही."

"पुरस्कार देणाऱ्यानं निदान पुस्तक वाचलेलं असावं."

"समारंभाला येईन मी," नादेज म्हणाली.

बाजाराचा मांडव द्यायचं महापौरांनी कबूल केलं होतं. आदल्या दिवशी तिथे अचानक विजेची दुरुस्ती निघाली. मग राउलनं आपल्या दुकानासमोरच्या फरसबंदीवर खुर्च्या मांडल्या. अर्ध्या रिकाम्याच राहिल्या. ज्यांना स्वतः यायची भीती वाटत होती त्यांनी मुलांनाही पाठवलं नाही. समोरच्या दारात हात बांधून उभा असलेला खाटीक रेमों ओरडला, "स्टँडचं छप्पर आता कोण घालणार, मादाम? काझाल्बू उठून येणार का?"

"रेमों, तू माझ्या वर्गात चांगला छपराखाली बसायचास. त्याचा तुला काय उपयोग झाला?"

खुर्च्यांवर हशा पिकला. रेमोंही हसला आणि मग आपण हसलो म्हणून चिडून आत गेला.

उगेतबाई उभ्या राहिल्या. "या पुरस्काराला आजपासून कुणाचंच नाव नाही. पैसे देणाऱ्याचे आभार आम्ही इतकी वर्षं मनापासून मानले, अजूनही मानतो. पण आभार म्हणजे आज्ञापालन नव्हे. हे पुस्तक यंदाचं सगळ्यात चांगलं आहे, असं आमच्यातल्या तिघांना वाटतं. बस्स." आणि त्यांनी हॅम नादेजच्या हातात दिला. तो इतका जड होता की तिला तो कडेवर घ्यावा लागला.

पहिल्या रांगेत कारखान्यात काम केलेल्या काही म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नादेजनं फिलोमेनचं पान वाचलं. संपल्यावर कुणी टाळी वाजवेना. मग एक जण म्हणाली, "परत वाच. जोरात. माझ्या बहिणीला ऐकू येत नाही."

नादेजनं पुन्हा वाचलं. बहिणीनं ते ऐकलं, स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले आणि झाकून ठेवले.

फाउंडेशननं आपला पुरस्कार तुलूझला नेला. तो आता मोठ्या हॉटेलात देतात आणि परीक्षकांत डॉक्टर सिकार असतात. त्या हिवाळ्यात स्टँडवर छप्पर आलं नाही. प्रेक्षक छत्र्या धरून सामने बघत होते आणि त्यातले बरेच जण उगेतबाईंना रस्त्यात ओळख देईनासे झाले. ते त्यांना लागलं. लागलं नाही असं त्यांनी कुणापाशीही म्हटलं नाही. नादेजला रजा मिळाली नाही. ती पहाटे उठून लिहिते. तिनं नव्या पुस्तकाची पहिली पानं उगेतबाईंना वाचायला पाठवली. त्यांनी त्यातली निम्मी खोडली.

काझाल्बूच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या आणि फाटकाला साखळी लागली. मग बाजाराच्या दिवशी उगेतबाई घडीची खुर्ची घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसू लागल्या आणि काझाल्बूची पुस्तकं मोठ्यानं वाचू लागल्या. पहिल्यांदा ऐकायला फक्त राउल होता. पुढे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका थांबू लागल्या. एकदा पोलीस आला. तोही त्यांच्याच हाताखालून गेलेला.

"मादाम, तक्रार आलीय. परवानगी आहे का?"

"पदपथावर बसून वाचायला? गुन्ह्याचं नाव सांग, म्हणजे कबूल करते."

त्यानं टोपी मागे सारली, डोकं खाजवलं आणि परिच्छेद संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

मार्चमध्ये एके दिवशी एमरिकची गाडी फाटकापाशी हळू झाली. काच खाली आली.

"मावशी, गारठा आहे. हे किती दिवस चालायचं?"

"उतर आणि ऐक. नाहीतर काच वर कर आणि पुढे जा, मोटारीच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही."

त्यानं इंजिन बंद केलं. उतरला मात्र नाही. उगेतबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मफलर घट्ट केला, बोट ओळीवर ठेवलं आणि आवाज आणखी चढवला.