केमुंतोचा नमुना

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो, पण भांड्याचे काम मी कधी केलेले नाही. माझ्यासारखे दिसणारे कितीतरी वाडगे मोठ्या हॉटेलांत दिमाखाने बसले आहेत. मी मात्र टबाका गावात एका गोणपाटावर आहे. मी नमुना आहे. नमुन्याला लोक उचलतात, उलटा करतात, मोजतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतात. अशा जगण्यात जीव स्वस्थ कसा राहावा?

माझा जन्म इथल्या खाणीतल्या गुलाबी दगडातून झाला. हा दगड इतका मऊ असतो की ओला असताना साध्या सुरीनेही कापला जातो. पुरुषांनी कोरायचे आणि बायकांनी घासायचे, ही गावाची रीत. पुरुष झाडाखाली बसून कोयत्याने आणि सुरीने आकार काढतात. बायका तो पाण्याच्या घमेल्यात बुडवून पॉलिश पेपरने घासतात, वाळवतात, मेण लावतात. नाव होते ते कोरणाऱ्याचे. घासणारीच्या बोटांची साले निघाली तर त्याची चौकशी कुणी करत नाही.

केमुंतो अशीच एक घासणारी. तिचे सासरे ओंबाती हे गावातले नावाजलेले कारागीर. त्यांनी कोरलेले हत्ती आणि जिराफ तिने बारा वर्षे घासले. घासता घासता तिच्या मनात एक वाडगा आकार घेत होता. पसरट, आणि एका बाजूने काठ जरा खाली उतरलेला, म्हणजे आतले फळ उचलताना हात अडू नये. एके दिवशी केळीच्या बागेमागे बसून तिने झिजलेल्या सुरीने तो कोरला. तोच मी. सुरी दोनदा घसरली, त्याची खूण माझ्या पोटाशी आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

पुढे नैवाशाच्या तळ्याकाठी एक नवे हॉटेल उघडायचे ठरले. त्याची सजावट पाहणाऱ्या मुगुरेबाई गावात आल्या. हत्तींच्या रांगा ओलांडून त्या माझ्यापाशी थांबल्या.

"हत्ती काय, सगळीकडेच मिळतात. हा कुणाचा?"

"माझा," केमुंतो म्हणाली.

"असे तीस दे मला. खोलीला एक. पण सगळे अगदी सारखे हवेत हं. आमचा सुतार वाडगे बसवायला याच्या मापानं तीस लाकडी बैठका करणार आहे. हे नीट जमलं, तर दिवे, साबणदाण्या, सगळं तूच सुचवायचं."

बाईंनी माझ्या तळाचे माप कागदावर उतरवून घेतले. गावातल्या पुरुषांनी मात्र लगेच ठरवून टाकले की कोरणार ओंबाती आणि घासणार केमुंतो. केमुंतो मला उचलून पुसत राहिली. मला तिच्या बोटांतून कळत होते. हे काम पार पडले तर तिच्या मनातल्या वस्तू घडणार होत्या. फसले तर ती आयुष्यभर त्या घमेल्यातच राहणार होती.

पहिल्या दिवशी मला बाहेर झाडाखाली ठेवले होते. ओंबातींनी मला शेजारी घेऊन पहिला वाडगा कोरला आणि तो हुबेहूब उतरला. तेवढ्यात एक शेळी माझ्यावरून उडी मारून गेली. केमुंतो धावत आली. तिने मला उचलले आणि आपल्या घरात, दारासमोरच्या फळीवर ठेवून दिले. जपायचे म्हणून ठेवले, आणि तिथेच चुकले.

आमच्याकडे सासरा सुनेच्या घरात पाऊल टाकत नाही. तिच्याशी थेट बोलायचेही तो शक्यतो टाळतो. ओंबाती माझ्यापासून वीस पावलांवर बसून कोरत होते. दार उघडे होते. त्यांची बायको बोसिबोरी तोंडाची मोठी फटकळ.

"अहो, नमुना आणून देऊ का?" तिने विचारले.

"चाळीस वर्षं दगड कोरतोय मी. आता सुनेच्या वाडग्याची शिकवणी लावू?"

मग त्यांनी अजून न घासलेला पहिला वाडगा समोर ठेवून दुसरा कोरला, दुसरा समोर ठेवून तिसरा. कोरणारा नेहमी घासण्यासाठी तिळभर दगड जास्त ठेवतो. दरवेळी वाडगा तीळ तीळ वाढत गेला. मी फळीवरून पाहत होतो. ओरडता आले असते तर मी गाव गोळा केले असते. पाचवा गेला, दहावा गेला, आणि मी आपला तिथेच तळमळत बसलो.

बाईंची गाडी यायला चार दिवस उरले असताना सुताराची एक बैठक नमुन्यादाखल आली. केमुंतोने पहिला वाडगा तिच्यात ठेवला. बरोबर बसला. सातवा अडकला. विसावा तर आत शिरेचना. विसाव्यापुढचे तिने एकेक करून तिसाव्यापर्यंत लावून पाहिले; एकही बसेना.

"आई, मामंजींना हे कोण सांगणार?"

"मी नाही बाई! मागं जिराफाची मान वाकडी आहे म्हटलं, तर तीन दिवस उगालीच्या घासाला शिवले नव्हते ते."

केमुंतोने मला उचलले. बाहेर नेऊन सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले, शेजारी ती बैठक ठेवली आणि मान खाली घालून घमेल्याकडे परत गेली. ओंबातींनी विसावा वाडगा घातला, फिरवला, काढला. मग मला घातले. मी अलगद बसलो. बराच वेळ ते खोकत राहिले.

"अगं ए, सुनेला सांग, तिचं माप बरोबर आहे."

"ती काय परगावी आहे? पाच हातांवर बसलीय. ऐकतेय सगळं."

"तरी सांग. आणि म्हणावं, इतके वाडगे मला एकट्याला चार दिवसांत तासून मापात आणता यायचे नाहीत. केळीमागं वापरते ती सुरी घेऊन इकडे ये."

त्यांना सुरी ठाऊक होती तर! केमुंतो आली आणि सगळ्या गावादेखत कोरायला बसली. दोघांच्या मध्ये मी होतो. दर घटकेला कुणीतरी मला चाचपत होते, आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदाच माझी तगमग थोडी शमली.

चौथ्या दिवशी सकाळी मुगुरेबाई गाडी घेऊन हजर झाल्या. नेमका शेवटचा वाडगा मापात आणताना ओंबातींच्या हातात तडकला. एकोणतीसच उरले.

"मग हाच द्या ना," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "झाले तीस!"

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! अखेर मीही जाणार होतो. केमुंतोने मला उचललेसुद्धा. ती गाडीकडे वळली.

"ठेव खाली," ओंबाती थेट तिलाच म्हणाले. मग बाईंकडे वळले. "बाई, नमुना गेला तर उद्या आम्ही कशावर हात ठेवून शिकायचं? बसा, चहा घ्या, केळी खा. तिसावा माझी सून कोरेल."

"आणि घासणार कोण?" झाडाखालचे पुरुष हसू लागले. "बोसिबोरी तर खोकी भरतेय. आम्ही घासू?"

ओंबाती उठले. बाह्या वर सारून सुनेच्या घमेल्यापाशी जाऊन बसले. दुपारपर्यंत केमुंतोने वाडगा कोरला आणि त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो पाण्यात बुडवला, थोडा घासला आणि बायकोला विचारले, "किती वेळ घासायचं असतं हे?"

"बोटांची सालं निघेपर्यंत," बोसिबोरी म्हणाली.

पुरुषांचे हसणे थांबले. ओंबाती खाली मान घालून घासत राहिले.

संध्याकाळी गाडी तीस वाडगे घेऊन गेली, माझ्यावाचून. मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. आजही गाडीचा आवाज आला की मी कासावीस होतो. पण इथे कोरायला शिकणाऱ्या मुली रोज माझ्या काठावरून अंगठा फिरवतात आणि केमुंतो त्यांना म्हणते, "डोळ्यांनी नको, हातानं बघा." म्हणून, मित्रांनो, माझे एवढे ऐका. ज्याच्यावरून शिकायचे, ते जपायच्या नावाखाली दाराआड ठेवू नका. हात लागून माझा काठ झिजेल, कधी टवकाही उडेल. उडू दे. फक्त मला पुन्हा त्या फळीवर ठेवू नका.