बक्षिसाची गाडी

टीव्हीवरच्या त्या प्रश्नमंजुषेत बक्षिसाच्या गाडीला इंजिन नव्हतं, हे प्रश्न काढणाऱ्या मास्तरांना सोडून तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या फिरत्या चौथऱ्यावर ती उभी असायची, तो वजनाने कुरकुरायचा, म्हणून इंजिन पहिल्याच वर्षी काढून ठेवलं. पुढे ते कुठे गेलं, देव जाणे. गाडी कधी कुणी जिंकलीच नाही. मास्तरांचा शेवटचा प्रश्न ऐकूनच भल्याभल्यांची बोबडी वळायची. रंगारीकाका दरवर्षी तिला इमानेइतबारे नवा रंग द्यायचे, आणि दरवर्षी बजावायचे, "एक दिवस अंगाशी येईल."

कार्यक्रम बंद होणार म्हटल्यावर मास्तरांना भरून आलं. शेवटच्या भागात त्यांनी मोठ्या मनाने सोपा प्रश्न काढला. एका शिंपीणबाईंनी पटकन उत्तर दिलं.

निवेदकाच्या तोंडचं पाणी पळालं, पण कॅमेरा चालू होता. त्याने हसत हसत किल्ली दिली. बाई ऐटीत आत बसल्या. काका मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत मागे जाऊन वाकले. सुतार आणि दिवेवालाही मदतीला आले, आणि टाळ्यांच्या कडकडाटात गाडी पडद्याआड गेली.

तिथे बाईंनी काच खाली करून काकांना जवळ बोलावलं. काका दबकत पुढे आले.

"भाऊ, कुणाला बोलू नका हं," त्या कुजबुजल्या. "मला गाडी चालवता येत नाही."

काकांनी घाम पुसला.

"काही बिघडत नाही, ताई," ते म्हणाले. "घराच्या वाटेवर चढ नाही ना?"